सगळं-एकत्र

टण्ण... एक मटार स्टीलच्या वाडग्यात पडला, आणि इतका वेळ घरात किती शांतता होती ते तिला तेव्हा कळलं. शेंग कधीची उघडून झाली होती, अंगठा तसाच शिवणीत रुतलेला. दाणा आपला आपण सुटून पडला होता, तिने सोडला नव्हता. वाडग्याच्या तळाशी तो एकटाच गोल फिरला आणि कडेला जाऊन थांबला. हिरवा, गुळगुळीत, कुणाचं काही न बिघडवलेला. तिला त्याचाही राग आला.

फोन ओट्यावर पालथा पडला होता. दहा मिनिटं झाली असतील ठेवून, किंवा वीस.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?" धाकटी म्हणाली होती. दफ्तरखान्यातल्या जुन्या कागदांच्या दुरुस्तीच्या खोलीत तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी. आता तिच्याही हाताखाली दोघं आहेत, तरी सगळे तिला धाकटीच म्हणतात. "तुमची ती हाडाची पट्टी आहे ना, खणातली... ती वापरली तर चालेल? माझी जाड आहे फार. ओली पानं सुटत नाहीत तिने."

"आणि मी काय वापरू मग?" ती हसून म्हणाली होती. "एक तारखेला येतेच आहे मी."

पलीकडे धाकटी गोंधळली. मग, "अहो पण... तुमच्या मिस्टरांनी सांगितलं ना बाईंना, तुम्ही नाही येणार म्हणून. परवा, जिन्यात. मी मागेच होते." आणि घाईघाईने, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"हो हो. माहीत आहे. वापर तू पट्टी."

हो हो, माहीत आहे, वापर तू पट्टी — इतक्या सफाईने! नवऱ्याची लाज झाकायला तिला अर्धा श्वासही लागला नव्हता. तो तिच्या पाठीमागे, जिन्यात, एका हातात डबा धरून तिचं पुढचं सगळं आयुष्य नाही म्हणून टाकतो, आणि ती इथे मटार सोलत त्याच्यावर पांघरूण घालते. हे कुणी शिकवलं मला? कुठल्या वर्गात बसून शिकले मी हे?

आतल्या खोलीत मुंगी जमिनीवर पालथी झोपून चित्र काढत होती. मुंगी म्हणजे त्यांची मुलगी, चार वर्षांची. सापडेल ते उचलून घरभर नेते म्हणून मुंगी. तिचा खडू कागदावर एकसारखा घासत होता. गुडघ्यापासून वर उचललेले पाय हवेत एकमेकांवर आपटत होते, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. ते बघून नेहमी येतं तसं हसू आताही येऊ लागलं, आणि त्याचाही राग आला तिला. आत्ता नको. आत्ता मला मऊ व्हायचं नाहीये.

मटण ताटात पाणी सोडत पडलं होतं. सकाळी जाताना त्यानेच फ्रीझरमधून काढून ठेवलं होतं, मोठ्या उपकाराने, आणि बूट घालता घालता म्हणाला होता, "संध्याकाळी ते तुझं सगळं-एकत्र होऊ दे." सगळं-एकत्र हे स्ट्यूला मुंगीने ठेवलेलं नाव. दोन वर्षांची असताना तिने वाटीत बोट बुडवून ते ठेवलं तेव्हा दोघंही हसून हसून मेली होती. पण मुलीच्या तोंडी ते नाव होतं, त्याच्या तोंडी तो समज झाला. परवा-परवाच फोनवर कुणा मित्राला सांगत होता, "काही नाही रे, सोपं असतं, सगळं एकत्र टाकायचं आणि विसरून जायचं."

विसरून जायचं...

तिने मटणाचा एकेक तुकडा फडक्याने टिपून कोरडा केला. ओला तुकडा भाजला जात नाही, शिजतो नुसता, फटफटीत पांढरा होतो — हे त्याला माहीत नाही. चार-चार तुकडेच टाकायचे, गर्दी केली की पाणी सुटतं — हेही नाही. तापल्या पातेल्यात तुकडा पडला की चर्र आवाज यायला हवा आणि मग त्याला हलवायचं नाही, तो आपण होऊन बूड सोडेपर्यंत थांबायचं. मग कांदा. मग बुडाला धरलेलं सगळं थोड्या पाण्याने खरवडून घ्यायचं, कारण चव तिथे असते. हाडं, मिरी, पाणी. उकळी येण्याआधी वर येणारा करडा फेस डावाने काढायचा, पुन्हा येतो, पुन्हा काढायचा. आणि तासाभराने बटाटा, त्यानंतर गाजर, आणि मटार अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी. एकत्र काही नसतं, समजलं? प्रत्येकाची वेळ असते. ज्याने कधी पातेल्याजवळ उभं राहून बघितलं नाही त्याला ते ताटात एकत्र दिसतं.

तुकडा चरचरला. तिला बरं वाटलं. अजून एक टाकला.

चार वर्षं. चार वर्षांत तिने त्या खोलीचं नावही घेतलं नव्हतं घरात, मुद्दाम. लांब टेबल, उत्तरेची खिडकी, मंद आचेवर ढवळलेली खळ, तिचा तो वास नसलेला वास. गेल्या महिन्यात नदीकाठच्या कुठल्या कचेरीत पाणी शिरलं आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींची तीनशे बाडं भिजून दफ्तरखान्यात आली. पानाला पान चिकटून प्रत्येक बाडाची वीट झालेली. आणि मोठ्या बाईंनी, दुरुस्तीच्या प्रमुख त्या, कधी कुणाचं कौतुक न करणाऱ्या, तिच्या नवऱ्याजवळ निरोप दिला — तो त्याच इमारतीत, दोन मजले खाली, कागदांचे फोटो काढतो — की ओली पानं सोडवायला मला तीच हवी, एक तारखेपासून येते का विचार. तीच हवी. मनातल्या मनात तिने तेव्हाच हो म्हणून टाकलं होतं, आणि हे दोन शब्द महिनाभर उशीखाली ठेवल्यासारखे जपले होते. मुंगी झोपली की दुपारी वर्तमानपत्राची पानं पाण्यात भिजवून, एकमेकांवर थापून, भाजीच्या सुरीच्या पाठीने सोडवून बघायची. हात विसरला नव्हता. पहिल्या दिवशी तीन फाटली, चौथ्या दिवशी एकही नाही. त्या दिवशी ओली पानं दोरीवर वाळत घालून ती मुंगीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात नाचली होती, आणि मुंगीला वाटलं होतं आज कुणाचा तरी वाढदिवस आहे.

उरलेले मटार सोलून होईतो फेस आला. तिने डाव घेतला, काढला, बेसिनमध्ये झटकला. पुन्हा आला.

मग तिने फोन सुलटा केला आणि नवऱ्याला लावला.

"बोल पटकन," तो दबक्या आवाजात म्हणाला. "कॅमेरा लावलाय."

"बाईंना काय सांगितलंस तू?"

"कुठल्या... हां. ते होय. सांगितलं, नाही जमणार म्हणून."

"कुणाला नाही जमणार?"

"तुला." आवाजात नुसतं आश्चर्य. "अगं तूच म्हणालीस ना."

"कधी?"

"त्या रविवारी. मुंगीला उलट्या होत होत्या बघ. मी विचारलं बाई उत्तर मागतायत, काय सांगू? तू म्हणालीस, सांग नाही येणार म्हणून. मी म्हटलं बरं."

"आणि?"

"आणि काय. सांगितलं. उलट मी तर दोन आठवडे थांबलो, म्हटलं बदलेल मन तर बदलेल. तू परत विषयच काढला नाहीस." मग, "ए, रडतेयस का?"

"कांदा चिरला," ती म्हणाली आणि ठेवून दिला.

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

तो रविवार आला, सगळाच्या सगळा. बेसिनपाशी ती, खांद्यावर मुंगी, खांद्यावरून पाठीपर्यंत ओघळलेलं कोमट आंबट दूध, तिसरी चादर बादलीत, आणि हा दारात उभा राहून — आत नाही, दारात — विचारतो, बाईंना काय सांगू? त्या क्षणी त्याने विचारलं असतं की जगायचंय का, तरी ती नाही म्हणाली असती. हो, म्हणाले मी. म्हणाले. सांग नाही म्हणून. स्वतःच्या तोंडाने.

आणि ह्या माणसाने ते ऐकलं! स्वयंपाकघरातला दिवा बदल, हे ती तीन महिने सांगतेय. दूध येताना आण. टॉवेल पलंगावर टाकू नको. डॉक्टरांकडे तू ने ह्या वेळी. मला बरं वाटत नाहीये. जरा बस ना माझ्याशी. चार वर्षांत तिने बोललेली हजारो वाक्यं ह्या माणसाच्या कानावरून पाण्यासारखी गेली, आणि नेमकं एक वाक्य, एकच, जे तिला मुळीच म्हणायचं नव्हतं, ते त्याने शब्दन् शब्द उचललं, दोन आठवडे नीट सांभाळलं आणि जिन्यात जाऊन बरोब्बर पोचतं केलं. आज्ञाधारक! त्याच्यावर ओरडायलाही जागा ठेवली नाही त्याने.

तिने गाजर घेतलं. सुरी घेतली. आणि थांबली.

तिच्या आईच्या घरी गाजरावरून हवामान कळायचं. आई कधी ओरडली नाही, भांडी आपटली नाहीत. चिडली की गाजर बारीक चिरायची. जितका राग तितकं बारीक. बाबा ताटात बघून हळूच म्हणायचे, "आज नाण्यांएवढी आहेत हं पोरांनो, जपून." एकदा तर चमच्यात सापडेनात इतकी बारीक होती, तेव्हा बाबा जेवण झाल्यावर न सांगता चालायला निघून गेले होते, आणि मुलं ओठ दाबून हसत होती. हसत होतो आम्ही. कशाचा राग होता तो, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. बाबांनीही नाही. सगळ्यांना नुसतं मापता यायचं. मापलं, जपून जेवलो, उठलो. आणि आई ताटं गोळा करायची.

तिने गाजराचे तीन तुकडे केले. फक्त तीन, अंगठ्याहून जाड. दुसऱ्याचेही तीन. शिजायला वेळ लागेल, लागू दे. मग तो म्हणेल, आज गाजरं मोठी का? आणि त्याला सांगावं लागेल. तोंडाने.

घड्याळात पावणेचार. बाई चारला निघतात, आणि एक तारखेपासून येणाऱ्यांची यादी उद्या सकाळी लागते. एवढं तिला पाठ होतं, चार वर्षांनंतरही. तिने बटाटे सोडले. खरं तर अजून वीस मिनिटं थांबायला हवं होतं. नंबर लावला. वाजत असताना तिला वाटलं, न उचलोत. मग वाटलं, न उचलल्या तर मी हे पातेलं उचलून खिडकीतून...

"बोल," बाई म्हणाल्या. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. त्या तशाच.

"बाई, माझा निरोप चुकीचा पोचलाय. मी येणार आहे."

"तुझा नवरा तर..."

"त्याला मी चुकीचं सांगितलं." पुन्हा पांघरूण, पण ह्या वेळी तिने मुद्दाम घातलं, आणि त्याखाली तिच्याही अंगाचा अर्धा भाग होता. "आता तुम्हाला सांगतेय. मी येणार."

"कागद ओले आहेत. नऊ ते सहा. मधेच घरी पळता येणार नाही, अर्धं सुटलेलं पान तसं टाकता येत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग उद्या दहापर्यंत येऊन सही कर. तू ये. निरोप नको."

फोन बंद झाला. तिचे कान तापले होते. वर्तमानपत्राची पानं सुटली तेव्हासारखं वाटत होतं, आणि तिने ओट्याची कड घट्ट धरली, कारण तिला मोठ्याने हसू येईल असं वाटलं. केलं मी. त्याने येऊन विचारू दे आता. विचारूच दे. तिने मनातल्या मनात संध्याकाळची सगळी वाक्यं जुळवली, एकाहून एक धारदार. तो दारात, मी इथे, आणि ह्या वेळी मी तुला बरं म्हणायला जागाच ठेवणार नाही...

"तू कुठे येणार?"

मुंगी टेबलाखाली होती. कधी आली होती कोण जाणे. कागद गुडघ्यावर, गालावर निळा खडू, आणि वाडग्यातले मटार एकेक करून फ्रॉकच्या खिशात नेऊन झालेले.

"कामाला," ती म्हणाली. "जिथे बाबा जातात ना, तिथेच. वरच्या मजल्यावर. ओल्या पुस्तकांची पानं सोडवायची आहेत."

"फाटली तर?"

"नाही फाटत. मला येतं ते."

मुंगीने मान हलवली. हे तिला पटलं. तिने एक मटार तोंडात टाकला आणि चावत चावत विचार केला. कपाळाला आठी घालून, थेट तिच्या बापासारखी, मनाशी काहीतरी जुळवत. पातेल्यात बटाटे हलके हलके एकमेकांवर आदळत होते. आईने खाली बसून तिच्या गालावरचा निळा खडू अंगठ्याने पुसला, आणि पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं की संध्याकाळसाठी रचलेल्या त्या सगळ्या वाक्यांत हा गाल कुठेच नव्हता. त्याच्या नाहीमध्ये नव्हता, तिच्या होमध्येही नव्हता. राग अजून होता, पुरता तापलेला, पण त्याला टेकायला मघाशी जी भिंत होती ती हाताला लागेना.

"म्हणजे बघ," मुंगी बोटं मोजत म्हणाली, अजिबात रडवेली न होता, नुसतं नीट समजून घ्यायला, "बाबा त्यांच्या फोटोंपाशी. आणि तू वर, पानांपाशी." तिसरं बोट उभं करून तिने ते आईसमोर धरलं. "मग मी कोणापाशी?"