‘भ’चा रुमाल

१९३४च्या उन्हाळ्यात भागूबाई धनगरीण इंदापुरातल्या चराई-परवान्याच्या कचेरीत आली आणि थेट उंबऱ्यावरच बसली. तीन वर्षांत तिनं तीन अर्ज दिले होते. एकही सापडत नव्हता. परवाना नाही म्हणून दोनदा तिची मेंढरं कोंडवाड्यात गेली होती.

अव्वल कारकून मोहनराव म्हणाले, “गाव सांग, बाई. इथं कागद गावावार बांधलेत.”

“कंचं सांगू? पावसाळ्यात आमी अंथुर्ण्याच्या माळावर, दिवाळी झाली की वडगाव निंबाळकर, आता नरसिंहपुराकडं, नदीला.”

“मग अर्ज नाही मिळायचा. तीन-तीन गावांचे रुमाल कोण सोडणार?”

“गाव बदलतं, सायेब. नाव न्हाय बदलत. नावानं का न्हाय ठिवत?”

कोपऱ्यात महिपती कारकून लिहीत होता. बारामतीहून बदलून येऊन त्याला दोनच महिने झाले होते, पण तेवढ्यात त्यानं कितीतरी माणसं अशीच परत जाताना पाहिली होती. मोहनरावांखेरीज कुणालाच कागद सापडत नसे, आणि मोहनरावांना ते आवडत असे. महिपती उठला. फडताळातले, कागद बांधून ठेवलेले रुमाल खाली घेऊन गाठी सोडू लागला.

“हे काय चाललंय?”

“नावाच्या पहिल्या अक्षरानं लावतोय. अ पासून ह पर्यंत.”

“वीस वर्षं हे दफ्तर मी सांभाळतोय. होतं तसं बांधा!”

“बांधणार नाही.” महिपतीनं पुढची गाठ सोडली. “बांधायचंच असेल तर लेखी हुकूम द्या. या बाईचे तीन अर्ज कुठं गेले, तेही त्यातच लिहा.”

मोहनरावांनी टाक उचलला, तसाच ठेवला, टोपी घातली आणि जेवायला निघाले. भागूबाई सरकली नाही. ते मागच्या दारानं गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘भ’चा ढीग झाला. त्यात तीन गावांच्या तीन भागूबाई निघाल्या. महिपतीनं अर्जांवरचे अंगठ्यांचे ठसे शेजारी धरून पाहिले. तिन्ही एकाच बाईचे होते.

“ह्ये माजं अक्षार?” भागूबाईनं नावातल्या ‘भ’वर बोट ठेवलं. “पुन्हा दाव.”

कचेरीचे मोठे साहेब फिरतीवरून आले. महिपतीनं तिन्ही अर्ज त्यांच्यापुढं ठेवले. परवान्यावर सही झाली, आणि न विचारता दफ्तर सोडल्याबद्दल महिपतीला लेखी ठपकाही मिळाला. नवी मांडणी मात्र साहेबांनी मोडू दिली नाही. ठपका वाचून महिपतीनं खाली सही केली आणि ‘य’चे कागद लावायला घेतले.

सोमवारी दारात अकरा धनगर उभे होते. पुढं भागूबाईबरोबर मेंढरं राखणारी तानूबाई होती.

“गाव?” मोहनरावांनी सवयीनं विचारलं.

“गाव राहू द्या,” तानूबाई म्हणाली. “माजं ‘त’ हाय. ‘त’ काढा.”