नासिओसचं क्लॅरिनेट

जगात दोघंच कधी खोटं बोलत नाहीत, असं स्टेर्गिओस आयुष्यभर सांगत आला: मेलेला माणूस आणि लाकडी क्लॅरिनेट. त्या दिवशी मात्र ग्रीसमधल्या योआनिना शहरात, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या अँथुलाच्या दुकानात उभा राहून, यातल्या निदान दुसऱ्याने आज गरज पडल्यास थोडं खोटं बोलावं, अशी तो मरियमआईची करुणा भाकत होता.

टेबलावर ते काळं क्लॅरिनेट सुटं होऊन पडलं होतं. गावच्या चर्चच्या माळ्यावर, मेणबत्त्यांच्या पेटीत सापडलेलं. स्टेर्गिओस म्हणे, हे माझ्या आजोबांचं, नासिओसचं. जत्रेची सुरुवात तिकडे मेलेल्यांसाठीच्या विलापाने होते. नाच, मटण, त्सिपुरो दारूचे पेले हे सगळं मागाहून. नासिओस तो विलाप असा वाजवत की साथीच्या व्हायोलिनच्या तारा दुःखाने तुटत. गावातल्या प्रत्येक पोराला ही कथा बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबरच पाजली जाई.

शेजारच्या गावाचं म्हणणं वेगळं. नासिओसचं क्लॅरिनेट त्यांच्याबरोबरच पुरलं, हे कुणा भलत्याचंच. शेवटी जत्रेच्या प्रमुख पोलिक्सेनीबाईंनी, ज्यांनी अर्ध्या गावाला शाळेत कोपऱ्यात उभं केलं होतं, निकाल दिला: अँथुलाकडून ओळख पटली तर विलाप स्टेर्गिओस वाजवील, नाही पटली तर शहरातली तरुण मंडळी येतील. त्यांच्याकडे मोठाले स्पीकर होते. स्टेर्गिओसला हल्ली लग्नालासुद्धा कुणी वाजवायला बोलवत नसे. ही जत्रा हुकली की आपण कायमचे श्रोते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काका, बसा हो. तुमच्या येरझाऱ्यांनी माझे स्क्रू घरंगळतायत."

"बसलोच आहे," असं म्हणून तो खिडकीपर्यंत जाऊन आला. "नाव दिसलं का कुठे?"

"कारखान्याची खूण झिजलीय. या चिरेत कुणीतरी मेणबत्तीचं मेण भरलंय. सांध्यांना बुचाऐवजी दोरा. आणि आत सगळे दारूचे डाग."

"मग आजोबांचंच. लाकूड सुकू नये म्हणून ते त्सिपुरो पाजायचे."

"लाकडाला?"

"लाकडालाही."

अँथुलाने चीर भरली, कळांखालच्या कुजलेल्या गाद्या बदलल्या, सांध्यांना बूच लावलं, लाकडाला तेल दिलं. तोवर स्टेर्गिओसने फोन करकरून तिला इतकं भंडावलं की तिचा नवरा त्याला नावाने ओळखू लागला. अखेर तिने बोलावलं, वाद्य जोडलं आणि एक लांब सूर फुंकला. खोल, किंचित घोगरा. स्टेर्गिओसच्या अंगावर काटा आला. अँथुला मात्र मोबाइलवरचा सूर मोजणारा काटा पाहत होती. तो उजवीकडे जाऊन थेट कडेला टेकला होता.

"मोबाइल बिघडलाय तुझा."

"मोबाइल ठणठणीत आहे. हे जुन्या लष्करी बँडचं वाद्य, काका. त्यांचा सूर चढा असायचा. जवळजवळ अर्ध्या सुराने वर आहे हे. शेजारी व्हायोलिन असेल तर त्याला तारा..."

ती थांबली. स्टेर्गिओसही थांबला, दुकानात पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदाच.

"ताणाव्या लागतील," ती म्हणाली.

"आणि फार ताणल्या तर?"

"तर तुटतात, काका. दुःखाने."

ओळख पटली होती. स्टेर्गिओसला हसावं की रडावं कळेना, म्हणून तो पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आला. अँथुलाने त्याच्यादेखतच पोलिक्सेनीबाईंना फोन लावला. "बाई, या वाद्यापुढे व्हायोलिनच्या तारा टिकणार नाहीत. तुमच्या कथेत असंच आहे ना?" पलीकडे बाई गहिवरल्या. अँथुलाच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

निघताना तिने त्याच्या हातात एक लाकडी तुकडा ठेवला. "मुखाखालचा आखूड तुकडा काढून हा लांब लावा. सूर खाली येईल. मधले एक-दोन सूर तिरके लागतील, पण साथ जमेल."

"आजोबांच्या गळ्याला मी ठिगळ लावू?"

"नका लावू. खिशात ठेवा."

जत्रेच्या संध्याकाळी मरियमआईच्या चर्चसमोर, चौकातल्या चिनाराखाली तो बसला. शेजारी व्हायोलिन घेऊन त्याच्या बायकोचा भाऊ मेनेलाओस.

"सूर जरा चढाय," स्टेर्गिओस दुसरीकडे बघत म्हणाला. मेनेलाओसने खुंट्या पिळल्या.

विलाप सुरू झाला. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. स्टेर्गिओसने आजोबांची आठवण काढायची होती. त्याची नजर मात्र मेव्हण्याच्या सगळ्यात बारीक तारेवर खिळली होती. तुटली तरी पंचाईत, न तुटली तर त्याहून मोठी. आणि नेमक्या सर्वांत उंच हुंदक्याला ती तडकन तुटली.

बायका मोठ्याने रडू लागल्या. पोलिक्सेनीबाईंनी चष्मा काढला. शेजारच्या गावच्या पुरुषांनी टोप्या उतरवल्या. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मरेपर्यंत ही खुर्ची आता आपली, हे स्टेर्गिओसला कळलं, आणि त्याने शेवटचा सूर डोळे मिटून, खरोखर आजोबांसाठी लावला.

गर्दी डोळे पुसत असताना मेनेलाओस त्याच्या कानाशी वाकला.

"सुरेख, दाजी. तुझ्या आजोबांना साथ माझाच आजोबा करायचा. तारा तुटायच्या त्याला आमच्या घरी दुःख म्हणत नसत. काय म्हणत ते मरियमआईच्या दारात सांगत नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"तारा मीसुद्धा अँथुलाकडूनच घेतो. बारीक तार ही शेवटची होती, आणि उरलेल्या तिघींवर पहाटेपर्यंत लोकांना नाचवायचंय. तो खिशातला तुकडा तेवढा लाव ना."