ताईचे मिटलेले डोळे

भाचीचं पत्र आलं त्याला चार महिने झाले. मी उत्तर दिलं नाही. वेळ मिळाला नाही असं म्हणायचीही सोय नाही. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम सुटल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे.

भाची परिचारिका आहे. तिनं लिहिलं होतं, 'मामा, थोरली पंधरा वर्षांची झाली. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसत नाही. धाकटा बसतो, पण एक डोळा उघडा ठेवून थोरली कुठं आहे ते बघतो. मुलं प्रभूला धरून राहावीत, एवढीच माझी इच्छा होती. बाबा गेल्यावर आईनं एकटीनं आम्हाला विश्वासात वाढवलं. कधी डगमगली नाही. तिला कसं जमलं? तू तिचा भाऊ, तुला ठाऊक असेल.'

मला ठाऊक होतं. अडचण तीच होती.

मेहुणे गेल्यानंतरच्या वर्षी मी एकदा ताईकडे गेलो होतो. ती मुलांचे शाळेचे कपडे इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "डोळे मिटले की आत कोणीच नसतं रे. वर्ष झालं."

मी घाबरलो. "मग रोज प्रार्थनेला बसतेस कशाला?"

"मुलं बसतात म्हणून. धाकटी माझा हात घट्ट धरते. तेवढ्यावर उठते." मग म्हणाली, "पोरांना कळता कामा नये. आणि तू काही बोलणार आहेस, की नुसती पुस्तकंच वाचणार आहेस?"

 पोरांना कळू देणार नाही, एवढ्यापुरती मी मान डोलावली. पुढं कधीतरी तिला तिचा देव पुन्हा सापडला असावा. शेवटच्या आजारात तिचा चेहरा शांत होता. विचारायचं धाडस मला झालं नाही.

ती धाकटी म्हणजेच ही भाची.

उत्तराचे तीन मसुदे केले. तिन्हींत थोरामोठ्यांची वचनं होती आणि तिन्ही कुणाच्या तरी ग्रंथाच्या प्रस्तावनेसारखे वाटत होते. फाडून टाकले.

परवा दुपारी तिचा फोन आला.

"मामा, माझं पत्र मिळालं होतं ना?"

"नाही गं," मी म्हणालो. सत्तरी उलटलेल्या माणसाला इतकं पटकन खोटं बोलता येतं, हे मला नवीन होतं.

"बघ, आणि मी तुझ्यावर रुसून बसले होते." ती हसली, पण लगेच आवाज उतरला. "रविवारी चर्चमध्ये थोरलीचं दृढीकरण आहे. सगळ्यांसमोर विश्वास कबूल करायला नाही म्हणते. मी म्हटलं, तुझी आजी बघ, एक दिवस चुकली नाही. तर म्हणते, मी आजीसारखी नाहीच, मग मला सोडूनच द्या. मामा, माझंच कुठं चुकलं का रे?"

"तुझं नाही चुकलं."

"मग कुणाचं?"

 "लिहितो," म्हणालो.

फोन ठेवला. जी ताई कधी नव्हतीच, तिच्याशी तुलना करून त्या पोरीला दाराबाहेर ढकललं जात होतं, आणि दार लोटण्यात माझाही हात होता. पण सांगितलं तर? भाची उभी आहे ती आईच्या आधारावर. तोच काढून घेतला तर? आणि ताईला दिलेला शब्द?

काल सकाळी लिहायला बसलो. पत्र मिळालं होतं, मी खोटं बोललो, हे आधी लिहिलं. मग इस्त्रीची दुपार, ताईच्याच शब्दांत. शेवटी लिहिलं, 'तिला कसं जमलं ते मला नीटसं माहीत नाही. तू तिचा हात धरायचीस, एवढं माहीत आहे. थोरलीला हे सांगायचं की नाही ते तू ठरव.'

चारदा वाचलं. एकही वचन नव्हतं, त्यामुळं उघडं उघडं वाटलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी बराच वेळ उभा होतो. मागं एक बाई पाकीट घेऊन आल्या. "आजोबा, टाकताय ना?"

"हो," म्हणालो, आणि टाकलं.