एका बोटाचा भार

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. उत्तर कोलकात्यातल्या एका पोहण्याच्या क्लबात, तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडला टेकून उभा असतो. हुगळीकडच्या बांबूच्या बेटातून मला तोडून आणलं ते पूजेच्या मंडपासाठी. पण इथले प्रशिक्षक शिबेशदा यांनी दुकानात मला हातावर तोललं आणि म्हणाले, "सरळ आहे, हलका आहे. मंडपात चार दिवसांत वाया जाईल." माझ्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि मी कामाला लागलो.

शिबेशदा पाण्यावरच्या लाकडी फळ्यांवरून चालत आणि मला पुढे धरत. शिकाऊ मोठी माणसं माझं टोक पकडून पाय मारत. कोण किती घाबरलंय ते मला भारावरून कळे. बँकेचे एक साहेब मोठ्या तोऱ्यात आले आणि पाण्यात उतरताच अख्खे माझ्यावर लोंबकळले. मी सगळ्यांचे भार लक्षात ठेवले, कुणाजवळ बोललो मात्र नाही.

एका वैशाखात जूथिकाबौदी आल्या; इकडे वहिनीला बौदी म्हणतात. वय पंचेचाळीस, साड्यांना फॉल लावून पोट भरणाऱ्या. त्यांनी मला धरलं आणि मी चकित झालो. भारच नव्हता. पाय गावच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, वाढलेल्या मुलीसारखे चालत होते. बाईंना उत्तम पोहता येत होतं.

मग बांबू कशाला? उत्तर सेक्रेटरी भवतोषबाबूंच्या टेबलावर काचेखाली होतं. शिकाऊंना हंगामाचे नऊशे रुपये. परीक्षा पास होऊन पोहता येणाऱ्यांच्या सराव गटात गेलात, तर प्रवेश फी साडेपाच हजार, हंगामाचे चोवीसशे, टोपी आणि बिल्ल्याचे वेगळे. पास झालेल्याला शिकाऊंत राहता येत नसे. बौदी पदराची गाठ सोडून नऊशे मोजत. त्यापुढचं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून दर परीक्षेत तळं पार करताना मध्यावर त्या घोटभर पाणी पीत आणि मला धरत.

काठावर चहा पिणारे सभासद हसत. "बौदी, या बांबूशी लग्नच लावून देऊ का तुमचं?"

"लावा की. निदान हा दिवसातून चारदा चहा तरी मागत नाही."

भित्री म्हटलेलं त्यांना चालत होतं. गरीब म्हटलेलं चाललं नसतं. शिबेशदा कुणाशी बोलायला वळले, की त्या एकच बोट माझ्यावर ठेवून, डोळे मिटून, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. दिवसातला तेवढाच एक तास त्यांचा होता.

असे चार हंगाम गेले. शिबेशदांना मात्र ते लागत होतं. "माझ्या हाताखालचं माणूस अजून बांबू सोडत नाही. लोक मला हसतात, भवतोषदा." आणि पाचव्या परीक्षेत, ऐन मध्यावर, बौदींचा हात पुढे आला तेव्हा त्यांनी मला झटकन वर ओढलं.

बौदी क्षणभर थांबल्या. बुडाल्याचं सोंग त्यांना करता आलं असतं. पण खाली दोन पुरुष पाणी होतं, आणि अंगाला जे येत होतं ते अंगानं केलं. लांब, सफाईदार हात मारत त्या पलीकडच्या पायऱ्यांना लागल्या. सगळा काठ टाळ्या वाजवत उभा राहिला.

"पास," भवतोषबाबू वहीत लिहीत म्हणाले. "पंधरा दिवसांत पैसे भरा बौदी, टोपी काढून ठेवतो. हवं तर दोन हप्त्यांत द्या."

"देते ना," निथळत्या केसांनी बौदी म्हणाल्या.

शिबेशदांनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना संदेश मिठाई वाटली. बौदींनी आपला तुकडा अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला आणि त्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

पुढच्या वैशाखात शिबेशदांनी विचारलं, "एवढं छान पोहल्या, मग येत का नाहीत?"

भवतोषबाबूंनी टेबलावरच्या काचेखालच्या फीच्या कागदावर बोट ठेवलं. "शिबेश, ती नापास झाली असती तर आली असती."

शिबेशदांनी मला शेडला टेकवलं आणि त्या दिवशी शिकवणी घेतली नाही. आता क्लबात अॅल्युमिनियमची काठी आली आहे. माझ्यावर ओले टॉवेल वाळतात.

मित्रांनो, कुणी एखादा आधार धरून असेल, तर तो ओढून घेण्याआधी त्यावर भार किती पडतोय ते पाहा. भार नसतानाही कुणी धरून राहिलं असेल, तर त्याला चारचौघांत धीट करायला जाऊ नका. एका बाजूला बसून, हलक्या आवाजात, काय अडलंय ते विचारा. मला विचारता येत नव्हतं. शिबेशदांना येत होतं.