तांबडोबाच्या चाळीस कांड्या

मित्रांनो, मी द्रव नायट्रोजनचा एक जुना कंटेनर आहे. दिसतो दुधाच्या कॅनसारखा, पण माझ्या पोटातल्या थंडीत ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षं टिकते. गेल्या महिन्यात जे घडलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

मी सिंगापूरला, वन-नॉर्थ नावाच्या भागातल्या एका छोट्या कंपनीत असतो. मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांना ही कंपनी निवडक वळूंचं गोठवलेलं रेत विकते. ते बारीक कांड्यांत भरून माझ्यासारख्यांच्या पोटात ठेवतात. एका कांडीतून एक वासरू जन्मू शकतं. पुण्याची राधिका इथे संशोधन करते. घरी आईला मात्र ती "गाईंवर काम करते" एवढंच सांगते.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! मग जो तो अँगस जातीचे काळे वळूच मागू लागला. त्यांच्या कांड्या नव्या कंटेनरांत गेल्या. माझ्याकडे उरल्या एका तांबड्या, ऊन सोसणाऱ्या वळूच्या चाळीस कांड्या. तो वळू कधीच मेला होता. राधिका त्याला लाडाने तांबडोबा म्हणायची.

"त्याला मार्केटच नाही गं," विक्री बघणारा प्रबोध म्हणायचा. तरी दर शुक्रवारी तो माझ्यात नायट्रोजन भरायचा, कारण या वयात माझ्यातला नायट्रोजन भराभर उडून जातो. नायट्रोजन कमी झाला की वाजणारा माझा गजर बिघडला, तो मात्र कोणी दुरुस्त केला नाही.

खंडेनवमी नेमकी शुक्रवारी आली. राधिकाने मला पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मी असा फुशारलो म्हणता! तेवढ्यात प्रबोध नायट्रोजन घेऊन आला.

"अरे, पूजा झालीये. आज हत्यारांना हात लावायचा नाही," ती म्हणाली. "उद्या भरू."

उद्या दसरा, त्यात शनिवार. सोमवारी त्याला वाटलं तिने भरलं, तिला वाटलं त्याने भरलं. पुढच्या शुक्रवारी तो जकार्ताला गेलेला. मला तर ओरडताही येत नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी त्याचा फोन आला. राधिकाने तो स्पीकरवर टाकला.

"राधिका, इथे काळी गुरं उन्हाने धापा टाकतायत! इथल्या पशुपालकांना तांबडोबा हवाय. चाळीसच्या चाळीस!"

ती धावतच आली आणि तिने झाकण उघडलं. वाफ आली नाही. तिने आत पातळी मोजायची पट्टी सोडली, ती कोरडीच वर आली. थंडी केव्हाच उडून गेली होती आणि चाळीसही कांड्या निकामी झाल्या होत्या.

"प्रबोध, दसऱ्यानंतर तू भरलंस ना?"

"मी? मला वाटलं, तू..."

ती तिथेच फरशीवर बसली. माझं वाईट चिंतणारं तिथे कोणीच नव्हतं, आणि तरी हे घडलं होतं.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमची माया आहे तिला नमस्कार जरूर करा, पण झाकण उघडून आतही बघत जा. तांबडोबाची वासरं आता कधीच जन्मणार नाहीत.