वन्सं, त्यांना म्हणावं

माझा भाऊ बाळकृष्ण आणि त्याची बायको प्रमिला माझ्यासमोर एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. आमच्या घरची रीतच तशी. थोरल्या माणसापुढे नवराबायकोनं थेट बोलायचं नाही. "वन्सं, त्यांना म्हणावं, पानं घेतलीत." आणि ते 'त्यांना' म्हणजे समोरच पाटावर बसलेले, कान चांगले शाबूत! नवरा गेल्यावर बाळूनं मला हैदराबादला, चिक्कडपल्लीच्या या घरी आणलं, तेव्हा मला या सगळ्याची भारी गंमत वाटे. मी मुद्दाम निरोप उलटासुलटा सांगायची आणि दोघं खाली मान घालून हसायची. मग खोलीत गेल्यावर त्यांची कुजबुज चालायची, ती संपता संपत नसे.

आता ती कुजबुजही बंद पडली होती.

झालं असं, पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. रझाकारांच्या बातम्या रोज कानावर यायच्या. ज्याला जमेल तो बायकापोरांना निजामाच्या सरहद्दीपलीकडे धाडत होता. बाळू सरकारी शाळेत गणिताचा मास्तर. तो निघाला असता तर नोकरी गेली असती, वर संशयही आला असता. त्यानं प्रमिलेला आणि लहानग्या शालूला बार्शीला, प्रमिलेच्या भावाकडे पाठवलं. प्रमिला नाही नाही म्हणत होती. पावसाळ्यात तिकडे पटकीची साथ आली आणि पोर गेली. इकडे गाड्यांचा भरवसा नाही, टपालाचा नाही. बातमी आली तीसुद्धा कुणाच्या तरी तोंडी, सगळं होऊन गेल्यावर.

हैदराबाद हिंदुस्थानात आलं. गल्लीत पेढे वाटले, झेंडे लागले, आणि प्रमिला रिकाम्या हातांनी परत आली. ती यायच्या आधी बाळूनं शालूचा पाळणा, झबली, टोपडी, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. गेलेल्या लेकराचं नाव आईपुढे काढू नये, असं आमच्यात मानतात. म्हणून आम्ही कुणीच काढलं नाही. ती घरभर फिरली, कोपरा न् कोपरा बघितला, आणि जी गप्प झाली ती झालीच.

दिवाळी तशीच गेली. तिला अन्न जाईना. मी तिला कोठी भागात सत्यवती डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, म्हटलं, ताकदीचं औषध तरी मिळेल. बाई तेलुगू, आमच्याशी दखनीत बोलायच्या. त्यांनी तिला तपासलं, घरचं सगळं विचारून घेतलं, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "दवा नक्को इसको, अम्मा. दोनों को आमने-सामने बिठाओ. एक बोले, दुसरा सुने. जो सुना, वैसाच फिर बोलके बताए. जवाब नक्को, वकिली नक्को."

घ्या! एवढ्यासाठी मी टांग्यात हाडं खिळखिळी करून घेतली होती. पण दुसरं होतं काय माझ्या हातात? प्रमिलेच्या भावाचा, नामदेवरावांचा, निरोप येऊन पडला होता. गुरुवारी येतो, प्रमिलेला कायमची घेऊन जातो. बाळूला सांगितलं तर म्हणतो, "जाऊ दे तिला, अक्का. माझं तोंड बघवत नसेल तिला." अरे मेल्या, ती म्हणाली का तुला तसं? तो विचारत नव्हता, ती सांगत नव्हती, आणि मी माजघर ते ओसरी नुसती येरझारा घालत होते. पोटच्यासारखी दोघं डोळ्यांदेखत तुटत होती आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं. रडूही यायचं आणि दोघांच्या कानाखाली वाजवावीशीही वाटायची.

आठवडाभर मागे लागले तेव्हा कुठे गुरुवारी सकाळी, तिची ट्रंक भरून झाल्यावर, दोघं समोरासमोर बसली. मी बाईंचा नियम सांगितला आणि उठायला लागले.

"वन्सं, बसा," प्रमिला म्हणाली.

मग काय, बसले.

बाळूनं सुरुवात केली. "अक्का, तिला म्हणावं, दोघींचा जीव वाचावा म्हणून धाडलं."

"वन्सं, ते म्हणतात, दोघींचा जीव वाचावा म्हणून धाडलं."

माझा संताप संताप झाला. हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर बसलेत आणि मधे मी डाकवाली! पण नियम तर पाळला होता. मी म्हटलं, "बरं, आता तू बोल गं."

तिनं मान खाली घातली. मग सावकाश म्हणाली, "वन्सं, त्यांना म्हणावं, तुम्ही माझ्या पोरीला मारलंत."

देवा रे! हे मी माझ्या तोंडानं माझ्या भावाला कसं सांगू? मी म्हटलं, "बाळू, ती म्हणते, तिला फार वाईट वाटलं."

"मी असं म्हटलं नाही, वन्सं." तिनं मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच माझ्यासमोर तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. "मी म्हटलं, तुम्ही माझ्या पोरीला मारलंत. मी नको म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

बाळू पांढराफटक पडला. मला वाटलं, आता उठून जातो हा.

"तू म्हणतेस, मी तिला मारलं," तो म्हणाला. "तू नको म्हणत होतीस. मी ऐकलं नाही."

"हो."

"मलाही तसंच वाटतं, प्रमिला. रोज वाटतं."

तिला हे अपेक्षित नसावं. तिचा आवाज फुटला. "मग पाळणा का दिलात? मी आले तर घरात काहीच नाही. जशी ती झालीच नव्हती."

"तुला बघून त्रास होईल म्हणून."

नियमाप्रमाणे तिनं बोलून दाखवायचं होतं. "मला त्रास होईल म्हणून," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. मी पुढे सरकले, पण तिनं मला हातानं थांबवलं. मी तिथल्या तिथे बसून राहिले. काय करणार होते मी?

"शेवटी शेवटी चालायला लागली होती," रडतारडताच ती म्हणाली.

बाळूनं वर बघितलं. "शालू?" त्या घरात इतक्या महिन्यांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. "शालू चालायची?"

"सुटी चालायची. दोन पावलं टाकायची, धपकन बसायची, आणि आपणच टाळ्या वाजवायची."

"सुटी चालायची," तो म्हणाला. "टाळ्या..." गणिताचा मास्तर, पण लहान मुलासारखा हुंदके देत होता.

तेवढ्यात बाहेर टांगा थांबला आणि नामदेवराव आत आले. दोघांना तसं बघून दारातच थबकले. "प्रमिला, उशीर होतोय. नामपल्ली स्टेशनवर पोचायचंय."

थांब म्हणायचा मला काय अधिकार? आणि कोणत्या तोंडानं म्हणू? झालेलं तर काहीच भरून निघालं नव्हतं. प्रमिला उठली. पदर सारखा केला, डोळे पुसले. संपलं, असं मी धरून चालले.

"दादा, आज नाही जमायचं," ती म्हणाली. "ह्यांना अजून शालूचं काहीच ठाऊक नाही."