ओल्या हाताची परीक्षा

मालकांनी मला शेवटचं हातात घेतलं तो मंगळवार इतका साधा होता, की तो लक्षात ठेवावा असं कुणालाच वाटलं नाही. म्हणून मी ठेवला आहे.

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. खिशात घडी करून ठेवतात तसला नव्हे. माझं पातं मिटत नाही. टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत मी एकच पोलाद आहे आणि हे मी थोड्या तोऱ्यातच सांगतो. दोर, तंबू, कंदील आणि स्टोव्ह विकणाऱ्या एका अरुंद दुकानात, काउंटरमागच्या खिळ्यावर माझं घर आहे. मी विकायला नाही. गिऱ्हाइकाला ‘चांगला चाकू हातात कसा बसतो’ हे कळावं म्हणून मी आहे.

त्या मंगळवारी एका शाळेतल्या खेळाच्या बाई आल्या. वीस मुलांना घेऊन त्या चार दिवस रानात राहायला जाणार होत्या. त्यांची नजर सरळ वरच्या फळीवर गेली. तिथे दोन थोराड चाकू झळकत होते. पातं वीतभर लांब, पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत काड्या ठेवायची सोय आणि टोपणात होकायंत्र.

“तो द्या,” बाई म्हणाल्या.

“आधी हात भिजवा.”

“हात स्वच्छ आहेत माझे.”

“असतील. पण रानात कोरडे राहणार नाहीत.”

ही मालकांची पद्धत होती. काउंटरवर पाण्याचं घमेलं ठेवायचं. गिऱ्हाइकानं हात भिजवायचे, डोळे मिटून चाकू धरायचा, पातं कुठल्या बाजूला आहे ते नुसत्या मुठीवरून सांगायचं. मग डोळे उघडून एका काठीला टोक काढायचं. बोटं पात्याकडे जराही घसरली, तर मालक तो चाकू विकत नसत. “पातं तळहाताच्या रुंदीहून थोडं लांब, बस. त्याहून मोठं ते मिरवायला,” असं ते म्हणत. भांडून गेलेली गिऱ्हाइकंही पुढच्या वर्षी परत येत.

बाईंचा हात घसरला नाही. मालकांनी नाइलाजानं मान डोलावली.

“नाकापेक्षा मोती जड आहे, बाई. माझ्या मनात भरत नाही हा. पण दगा देणार नाही, एवढं सांगतो. माझ्या मुलीनं पहिल्या शिबिराला असाच नेला होता. नदीत पडला म्हणून, नाहीतर आजही असता. ही काय, इथेच उभी आहे. हो ना गं?”

मुलगी दोर मोजत होती. आता तीही मुलांची शिबिरं घेते. त्या दिवशी ती चाळीस हात दोर न्यायला आली होती. तिची मोजणी क्षणभर थांबली.

“हं,” ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

शाळेची परवानगी आली की नेते, असं सांगून बाई गेल्या. मालकांनी फळीवरचा एक चाकू काढला, त्याला ‘खेळाच्या बाई’ अशी चिठ्ठी बांधली आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं, सफरचंदाच्या फोडी केल्या, निम्म्या मुलीपुढे सरकवल्या.

“हा घेऊन जा आता. लटकून लटकून कंटाळला असेल.”

“राहू दे, बाबा. माझ्याकडे आहे.”

“दुसऱ्या दुकानातला आहे. चाकूवाल्याची लेक बाहेरून चाकू आणते. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बाप पोरीलासुद्धा सवलत देत नाही.”

दोघं हसले. ती दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून निघाली. मालकांनी मला तसंच, ओलं, खिळ्याला अडकवलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, गडबडीत राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. शेजारचा कुलूपवाला कुणाला तरी सांगत होता, की मालक झोपेतच गेले.

बंद दुकानात करण्यासारखं काही नसतं. मी माझं आयुष्य आठवत बसलो.

माझा जन्म एका जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून झाला. आधी मी ओझं उचलत होतो, मग एका लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठोकून बारीक केलं आणि चर्रकन तेलात बुडवलं. मालक तेव्हा विशीत होते, डोंगरातल्या पायवाटा मोजणाऱ्या तुकडीत कामाला. आम्ही दोघं अकरा वर्षं रानात हिंडलो. मी तंबूचे खुंट तासले, भिजलेल्या फांदीची साल सोलून आतलं कोरडं लाकूड काढलं, चिखलात रुतलेल्या खेचराचा पट्टा एका ओढीत कापून त्याला मोकळं केलं. त्या वेळी तुकडीतले लोक मालकांच्या आधी माझी पाठ थोपटत होते. माझ्यावर मिरवण्यासारखं काहीच नाही. मिरवणारे चाकू बहुतेक कपाटातच म्हातारे होतात.

पुढे मालकांचा गुडघा गेला आणि दुकान आलं. मुलगी त्याच काउंटरखाली खेळत वाढली. एकोणीस वर्षांची असताना ती पहिल्या शिबिराला निघाली, तेव्हा मालकांनी मला तिच्यापुढे धरलं. तिनं मात्र वरच्या फळीकडे बोट केलं.

“बडा घर, पोकळ वासा,” मालक म्हणाले.

“तुम्हाला जुनं तेवढंच चांगलं दिसतं.”

त्यावर त्यांनी एक चूक केली. घमेलं काढलंच नाही. साऱ्या जगाचे हात भिजवणाऱ्या माणसानं आपल्या लेकीची परीक्षा घेतली नाही. तो चाकू म्यानासकट तिच्या हातात दिला आणि दारापर्यंत सोडायला गेले.

ती परत आली तेव्हा मालक जेवायला घरी गेले होते. तिच्या उजव्या हाताला पट्टी होती. तिनं पिशवीतून त्या चाकूची मूठ काढली. नुसती मूठ. पातं बुडाशी तुटलेलं. लाकूड फोडताना ते उडालं होतं आणि तिचा तळवा चिरून गेलं होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मूठ वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाहेर नेऊन टाकली. मालक आले तेव्हा ती म्हणाली, “चाकू नदीत पडला. हात डब्याच्या पत्र्यानं कापला.”

मालकांनी पट्टी सोडून जखम पाहिली, पुन्हा नीट बांधली आणि म्हणाले, “चाकू काय, दुसरा मिळेल.”

मूठ हातात बसते की नाही, हे घमेलं सांगतं. पोकळ मुठीत पातं किती कच्चं रोवलं आहे, हे ते सांगत नाही. ते फक्त तिला ठाऊक होतं. मालकांनी मात्र लेकीच्या शब्दावर विसंबून तसले चाकू दुकानात ठेवले. मनात भरत नसताना ठेवले. पंधरा वर्षं मी ते वाक्य ऐकत आलो, ‘माझ्या मुलीनं नेला होता.’ ते कानावर पडलं की तिची बोटं काहीतरी शोधायला लागत. मला घेणं म्हणजे मालकांचंच खरं होतं असं कबूल करणं, म्हणूनच तिनं मला कधी घेतलं नाही. त्या दुकानात खरं ठाऊक असलेला दुसरा मीच होतो. मला धार आहे, तोंड नाही.

दहा दिवसांनी शटर वर गेलं. मुलगी आली आणि तिच्यामागून आत्या. आत्या म्हणजे मालकांची थोरली बहीण. दुकानातल्या फाटक्या तंबूंना आयुष्यभर तीच टाके घालत आली आहे. तिनं खिडकी उघडली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “हा बघ, गंजला. दहाच दिवसांत.”

मुलीनं मला उतरवलं. पात्यावर फोडीएवढा तांबूस डाग होता. ती स्टुलावर बसली, बारीक दगडावर तेलाचे दोन थेंब टाकले आणि डाग घासू लागली. बापाचा हात तिच्या मनगटात उतरला होता, तोच कोन, तोच धीमेपणा. डाग गेला. जरा सावली राहिली.

मित्रांनो, आम्हाला फार काही लागत नाही. काम झालं की पुसा. तेलाचं बोट फिरवा. ओल्या म्यानात कोंडू नका. आणि काही मोडलं, तर मोडलं म्हणून सांगा. वस्तूचा दोष दडवला, की तो भलत्याच्याच हातात उघडा पडतो.

तेवढ्यात खेळाच्या बाई आल्या. त्यांना कळलं होतं. सांत्वनाची दोन वाक्यं बोलून त्या संकोचून म्हणाल्या, “परवानगी मिळाली. त्यांनी एक चाकू बाजूला ठेवला होता.”

चिठ्ठीवरचं अक्षर मालकांचंच होतं. आत्यानं तो चाकू उचलून पुढे केला. मुलीनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

“हा नाही देत मी.”

“अगं, त्यानं शब्द दिलाय,” आत्या म्हणाली. “शेवटचा शब्द आहे त्याचा. तो मोडणार तू?”

मुलीनं टोपण फिरवून होकायंत्र काढलं, काड्या काउंटरवर ओतल्या आणि मूठ उजेडाकडे धरली. “आत बघा, बाई. पातं इथे संपतं, बोटाच्या पेराएवढं आत. एका नटावर आहे सगळं. लाकडावर दोन घाव बसले की उडेल.” मग तिनं उजवा तळवा उघडून दाखवला. “माझं उडालं होतं.”

बाईंनी तळव्याकडे पाहिलं. मुलीनं घमेलं काढलं, त्यात पाणी ओतलं. खालच्या कप्प्यातून तीन साधे चाकू काढून मांडले, सगळ्यांची पाती मुठीत शेवटपर्यंत गेलेली. बाईंनी हात भिजवून डोळे मिटले. दुसऱ्या चाकूनं काठीला पहिल्या फटक्यात टोक आलं. वीस मुलांच्या काठ्या निभावेल असा तो चाकू होता. माझ्या धाकट्या भावासारखा.

बाई गेल्यावर आत्यानं काउंटरवरच्या काड्या गोळा केल्या. मग म्हणाली, “पत्रा लागला होता ना तुला?”

मुलगी काउंटरपाशी, मालक उभे राहत त्या जागी उभी होती. फरशी तिथे थोडी झिजली आहे. तिनं मला पुन्हा हातात घेतलं होतं. ती आत्याकडे वळली नाही. रिकाम्या दुकानाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली,

“बाबा, तो नदीत पडला नव्हता. मोडला होता. तुम्ही रागावला नसतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.”